सुपातली मोटार

जनूभाऊ रोज सकाळी सात वाजता एक मोटार बांधत. ओटीवर पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर सूप, आणि सुपात तांदूळ नव्हे, तर प्लॅस्टिकच्या एकशेचाळीस बारक्या विटा. सुलोचनावहिनी आदल्या संध्याकाळी गाडी मोडून सूप चांगलं घोळवून ठेवायच्या. जनूभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसत आणि म्हणत, "हां मास्तरानु, दाबा." मग मी स्टॉपवॉच दाबायचो. मिऱ्या गावात आमची घरं शेजारीशेजारी आणि मी हायस्कुलात कवायतीचा मास्तर, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

जनूभाऊ मालवाहू बोटीवर इंजिनात फिटर होते; हा खेळ रजेतला. ही गाडी त्यांनी कोबे बंदरातल्या एका दुकानातून आणली होती. तिथल्या धक्क्यावर त्यांनी अस्सल मोटार पाहिली होती: जुनी जपानी शर्यतीची गाडी, पांढरीशुभ्र, दोनच माणसांची, बॉनेट सुरमईच्या तोंडासारखं लांब. "तिच्यात बसलो न्हाय, पन बोनेटवर हात ठेवला मी," असं ते आल्यागेल्याला सांगत. खोक्यातली पुस्तिका जपानीत, पण चित्रं बघून त्यांनी पहिल्याच बैठकीत गाडी उभी केली. पन्नाशीचा माणूस खेळणं घेऊन बसतो म्हणून आळी हसायची. त्यांना त्याचं काही नव्हतं. चांगल्या दिवसांत ती गाडी ते अठरा मिनिटांत बांधत.

चौऱ्याऐंशी साली ते रजेवर आले, तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. बशीतला चहा लुंगीवर सांडायचा. वहिनी तो पदराने पुसायच्या. पुढच्या बोटीचा कागद येऊन पडला होता आणि होकार की नकार ते दोन महिन्यांत कळवायचं होतं. डॉक्टरांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी आपला न्याय आपणच ठरवला.

"हाताला खोटं येत न्हाय, मास्तरानु," ते म्हणाले. "ईस मिंटात गाडी झाली तर बोटीवर जायचं. न्हायतर कागद परत धाडायचा. इंजिनात माज्या हातावर दुसऱ्याचा जीव असतो."

आता माझी खोड सांगतो. मैदानावर एखादं पोर जीव तोडून धावलं आणि तरी मागे पडलं, तर मी त्याची वेळ दोन सेकंदांनी कमी सांगायचो. पोर फुलायचं आणि पुढच्या आठवड्यात खरंच तेवढं धावून दाखवायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती मी माझी शिकवण्याची हातोटी समजत होतो.

तीच मी जनूभाऊंवर चालवली. सव्वीस मिनिटं झाली की चोवीस सांगायचो, पंचवीस झाली की बावीस. हात थोडा सुधारलाही, पण तेविसावर येऊन अडला तो अडलाच. मुदतीच्या शेवटच्या सकाळी मागच्या काचेचा तुकडा त्यांच्या बोटांतून तीनदा निसटला. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. गाडी झाली. मी काटा थांबवला. तेवीस.

"किती?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी म्हणालो, "साडेएकोणीस."

दोन महिन्यांत ते पहिल्यांदा हसले. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली आणि पहिली चिमूट माझ्या हातावर दिली. बोटीच्या कंपनीच्या मुंबईतल्या डॉक्टरने छाती, डोळे आणि दात बघून त्यांना पास केलं. आपल्या हातून एक भलं काम झालं, अशा समजुतीत मी मजेत होतो.

पाचव्या महिन्यात ते परत आले. इंजिनात एक जड झाकण दोराने खाली सोडताना त्यांच्या हातून दोर सुटला होता. खाली लांज्याचा एक जण काम करत होता. त्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

त्यानंतर सूप भिंतीला टेकून उभंच राहिलं. जनूभाऊ दर सोमवारी लांज्याला जात, त्या माणसाच्या पडवीत तासभर बसत आणि एक शब्द न बोलता परत येत. माझ्याशी मात्र एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलत. हात तर बरा होता, साडेएकोणीस होता, मग दोर सुटला कसा? म्हणजे आपलंच लक्ष नव्हतं. आपण हयगय केली. तीन महिने मी गप्प राहिलो. खरं सांगून त्यांना आणखी कशाला दुखवा, असं मनाला समजावत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

एका सोमवारी ते लांज्याहून आले आणि ओटीवर बसून आपल्याच उजव्या हातावर डाव्या हाताने चापट्या मारू लागले. मग माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, पोरांच्या सेकंदांपासून सगळं.

त्यांनी विचारलं, "खरी किती झाली व्हती?"

"तेवीस."

"तेवीस," ते सावकाश म्हणाले. "म्हंजे मी गेलोच नसतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहिनींना हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं. तो चहा मी कसा प्यालो, ते मलाच माहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी लांज्याला त्या माणसापुढे आपला थरथरता हात धरला आणि पहिल्यांदा तोंड उघडून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, आता जेवतात, झोपतात. हाताला मारणं थांबलं.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. माझं जाणंयेणं तुटलं नाही. मला पाट मिळे, चहा मिळे, आमच्या घरी आंब्याची पेटीही यायची. फक्त त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. श्रावणात मी निथळती छत्री घेऊन त्यांच्या दारात उभा असायचो आणि जनूभाऊ आत वळून वहिनींना विचारायचे, "भायर पाऊस हाय काय गो?"