पिटुकलीचा नंबर

पियानोवाल्या बाईंच्या दारात आधी बुटांचा ढीग लागायचा. त्यातून वाट काढली की बैठकीची खोली. पण तिथं बैठक अशी उरलीच नव्हती. सोफा कधीच आत गेला होता आणि त्याच्या जागी भिंतीला टेकून पियानो उभा होता. समोर मुलांचं स्टूल, शेजारी बाईंचं. मुलांच्या स्टुलावर उंची बघून उशा रचायच्या, आणि ज्यांचे पाय जमिनीला टेकत नसत त्यांच्या पायाखाली लाकडी खोकं सरकवायचं. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत एकामागून एक मुलं येत. बाईंचे यजमान तेवढा वेळ आतल्या खोलीत कानांत कापूस घालून पेपर वाचत. "एकच धून इतक्या पोरांच्या हातून ऐकली की माणूस एक तर संत होतो, नाहीतर बहिरा. माझं अजून ठरत नाहीये," असं ते म्हणत.

सगळ्यांत जास्त उशा लागायच्या त्या पिटुकलीला. आठ वर्षांची होती, पण दिसायची सहाची. आई नर्स, वडील शाळेची बस चालवायचे. पोरीला पियानोची भारी हौस, पण हात काही केल्या वळत नव्हता. डावा सुरू झाला की उजवा थांबायचा, उजव्याला ढकललं की डावा रुसायचा. वर्षभर ती एकच छोटी धून घेऊन बसली होती. मध्ये अडली की हात मांडीवर ठेवायची, मोठा श्वास घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाईंना तिच्यावर चिडताच येत नसे. "टीचर, आज माझं चौथं बोट झोपलंय," असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की बाईच हसू लागत.

दरवर्षी बाई वाचनालयाच्या वरचा हॉल घेऊन मुलांचा कार्यक्रम करत. त्या वर्षी पाहुणे म्हणून संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य येणार होते. तरुणपणी ते आणि बाई एकाच वर्गात शिकायचे. ते पुढे गेले, बाई या खोलीत राहिल्या. बाईंच्या दोन मोठ्या विद्यार्थिनींना त्या महाविद्यालयात जायचं होतं, म्हणून बोलावलंय असं बाई सगळ्यांना सांगत. ते खोटं नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी होती की आपणही काहीतरी उभं केलंय हे त्यांनी बघावं, असं बाईंना फार वाटत होतं.

रंगीत तालमीला पिटुकली तीनदा अडली आणि तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरू झाली. मागे मोठ्या मुली फिदीफिदी हसल्या. प्राचार्य समोर बसलेत आणि ही हात मांडीवर ठेवून श्वास घेतेय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हिला या वेळी वगळायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं. आईला फोन करून सांगू, असंही ठरवलं. पण त्या दिवशी फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी केला नाही, आणि मग कार्यक्रमाचाच दिवस उजाडला.

पिटुकली पहिल्या रांगेत बसली होती. कडक इस्त्रीचा फ्रॉक, मांडीवर धुनेचा कागद, आणि गुडघ्यांवर बोटं चालू. शेजारी आई. ड्यूटी बदलून घेऊन धावतपळत आलेली, गणवेशावर स्वेटर चढवलेला.

नावं पुकारायचं काम यजमानांकडे होतं. मध्येच ते बाईंकडे वाकले. "आता पिटुकली ना?"

बाईंनी मान हलवली. "नको. पुढचं घ्या."

"अगं, पण ती..."

"पुढचं घ्या म्हणते ना!"

यजमानांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि माइककडे वळून पुढचं नाव घेतलं.

कार्यक्रम उत्तम झाला. प्राचार्य उठून बाईंजवळ आले. "हात काय सुरेख बसवलेस गं पोरींचे!" बाई लाजून लाल झाल्या. लोक उठत होते, खुर्च्या सरकत होत्या. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा पदर ओढला.

"टीचर, माझा नंबर कधी?"

बाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं बाई! राहूनच गेलं बघ. एवढ्या गडबडीत विसरलेच मी."

पिटुकलीचा चेहरा जरासा पडला. मग तिनंच बाईंचा हात थोपटला. "असू दे टीचर. तुम्हाला किती कामं होती. आणि मी पण थोडी घाबरलेच होते."

"गोड आहे पोर," प्राचार्य हसून म्हणाले.

आई मागेच उभी होती. तिनं मुलीच्या स्वेटरची बटणं लावली, एकदाच बाईंकडे बघितलं आणि मुलीला घेऊन जिना उतरून गेली. त्या नजरेनं बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर यजमानांनी नावांची यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. निदान तू विसरलीस असं मला तरी वाटलं असतं."

बाईंना जेवण गेलं नाही. दोन दिवस त्यांनी कसेबसे वर्ग घेतले आणि मग न राहवून पिटुकलीच्या घरी गेल्या. मुलगी शाळेत होती. आईनं दार उघडलं, आत बोलावलं, खुर्ची दिली.

"मी विसरले नव्हते," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"मला तिला खरं सांगायचंय. माफी मागायचीय तिची."

आई समोर येऊन बसली. मग म्हणाली, "टीचर, तिनं घरी येऊन वडिलांना सांगितलं, टीचर विसरल्या. शेजारच्या काकूंना सांगितलं. हसत सांगितलं. आता तुम्ही तिला सांगणार की विसरल्या नव्हत्या, मुद्दाम वगळलं? तुम्हाला मोकळं वाटेल, कळतंय मला. पण तुमचं ओझं उतरवायला माझी पोर कशाला?"

"मग मी काय करू?"

"ते मी काय सांगू? इंजेक्शन दुखणार असलं तर आम्ही आधी सांगतो. तुम्ही आधी एक फोन केला असता, तर मी समजावलं असतं. रडली असती, झोपली असती, संपलं असतं."

बाई खाली मान घालून निघाल्या. दारातून त्यांनी एवढंच विचारलं, "क्लासला पाठवाल ना?"

"तिला यायचं असेल तर येईल."

ती आली. ठरलेल्या वेळी, उड्या मारत. बाईंनी उशा रचल्या, खोकं सरकवलं, आणि त्या दिवशी तिच्या प्रत्येक सुराला "छान, छान" म्हणत राहिल्या. शेवटी पिटुकलीच थांबली. "टीचर, आत्ता चुकलं ना? मग छान का म्हणालात?"

बाई पुन्हा एकदा कानकोंड्या झाल्या. "चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. "डाव्या हाताला घाई झाली." त्यानंतर मात्र त्यांनी तिला खोटं कौतुक कधी ऐकवलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी हॉल घेतला नाही. पाहुणेही नाहीत. त्याच खोलीत पालकांना दाटीवाटीनं बसवलं. जो शिकतो तो वाजवणार, आणि कुणी अडलं तर सगळ्यांनी थांबायचं, असं आधीच सांगून टाकलं. पिटुकली अडली. हात मांडीवर, मोठा श्वास, पुन्हा पहिल्यापासून. खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. या वेळी ती धून शेवटपर्यंत गेली. टाळ्या वाजल्या, आणि इतक्या दिवसांनी बाईंचा जीव जरा भांड्यात पडतो आहे, तोच पिटुकली स्टुलावरून उतरून आईला म्हणाली, "बघ, या वेळी टीचर विसरल्या नाहीत!"

आईनं बाईंकडे बघितलं. त्या नजरेत आता राग नव्हता. तरी बाईंनाच तिच्याकडे बघवेना. त्या आत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

नंतर वर्षभरात पिटुकलीनं पियानो सोडला आणि पोहायला जायला लागली. तिथं तिचे दोन्ही हात बरोबर चालतात, असं तिचे वडील सांगतात. बाईंच्या त्या दोन विद्यार्थिनींना महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्या चांगलं नाव काढताहेत. कुणी त्याबद्दल बाईंचं अभिनंदन करू लागलं की बाई विषय बदलतात. लोकांना तो त्यांचा विनय वाटतो.

कधी रस्त्यात समोरून ओले केस घेऊन पिटुकली येते. लांबूनच "टीचर!" अशी हाक मारते, पळत येते आणि सगळ्या शर्यतींची हकीकत सांगत सुटते. बाई थांबतात, सगळं ऐकून घेतात, काय काय विचारतात. ती निघून गेली की पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथंच थोडा वेळ उभ्या राहतात, आणि मग घरी जातात.