तो उपास नव्हता

आक्का स्वतःच्या हातची आमटी कधी चाखत नसत. पहिलं ताट वाढलं की पदर खोचून त्या जेवणाऱ्यासमोर उभ्या राहत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. घास गिळून व्हायच्या आत आक्कांचा निकाल येई, "तिखट जास्ती झालंय." तो चुकत नसे. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे त्यांची खानावळ होती. चाकणच्या कंपन्यांत जाणारी माणसं शिफ्टच्या आधी किंवा नंतर तिथे जेवत. आता तिथे मोबाइल कव्हरचं दुकान आहे.

त्या चाखत नसत, कारण पोटात अन्न गेलं की थोड्या वेळाने बरगड्यांच्या मधोमध, खालच्या बाजूला कळ उठे. कळ उठायला चतकोर भाकरीही पुरे होई. मग भांड्यांच्या मांडणीमागे गुडघे पोटाशी घेऊन त्या बसत आणि कळ ओसरली की उठून पुन्हा भाकऱ्या थापत. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या ताटातली भाकरी मात्र कधी लहान झाली नाही.

एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट चांगले आले. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. मुलगा संतोष कंपनीची बस चालवत असे. त्याला हे दुसरं पटलं.

"आई, रिपोर्टात काय बी न्हाई. डोक्यातनं काढ."

"दुखतंय पोटात, आन् काढू डोक्यातनं व्हय रं?"

नवरात्र आलं आणि गिऱ्हाइकांनी वेगळाच अर्थ लावला. बाई दिवसभर रांधते आणि तोंडात कण घालत नाही, म्हणजे देवीचं कडक व्रत. माणसं जाता-येता पाया पडू लागली. जालन्याचा एक वेल्डर नारळ घेऊन आला. आक्कांनी तो चटणीला ठेवून घेतला. "पाय सोड आधी. उपास करणाराला भूक मारायची असती. मला भूक लागती रं. लई लागती."

कुणी ऐकलं नाही. भक्तीचा परिणाम ताटावर झाला. पाया पडणारा माणूस चव बिघडली तरी चेहरा प्रसन्न ठेवी. शेजारच्या गॅरेजचे अन्वरभाई पूर्वी सगळ्यांदेखत विचारत, "आक्का, ही आमटी की रेडिएटरचं पाणी?" तेही मुकाट जेवू लागले. आक्कांनी ते बरोबर हेरलं. "तुमची तोंडं आता खोटं बोलाया लागली," त्या म्हणाल्या. "मी रांधू कशावर?"

खोकल्यासाठी त्या एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाईंनी छाती तपासली, पण एवढ्या वाळलेल्या बाईला त्यांनी तसंच सोडलं नाही. जेवण विचारलं आणि स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. "श्वास सोडा. सगळा. आता धरा." श्वास सोडला की आत रक्त घुसमटल्यासारखा आवाज वाढत होता. पुढच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयात झाल्या. श्वासपटलाचा एक चिवट पट्टा पोटाला रक्त नेणाऱ्या धमनीवर दाबून बसला होता. जेवल्यावर पोटाला जास्त रक्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कमी पडत होतं. दुखणं दुर्मीळ होतं, साध्या तपासणीत न दिसणारं.

"म्हंजी डोक्यात न्हाई?" आक्कांनी विचारलं.

"नाही आक्का. इथे आहे."

"मग ह्याला सांगा. मोठ्यानं सांगा."

संतोष मान खाली घालून ऐकत होता.

पट्टा कापायचा होता. त्याला खेटून शरीराची मुख्य धमनी होती. कापूनही सगळ्यांची कळ जातेच असं नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "कापा. मला जेवायचंय."

टाके सुकल्यावर एका दुपारी त्यांनी आमटी केली आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. सुनेने ताट वाढलं. सगळ्यांचे हात थांबले. आता सगळी खानावळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

आक्कांनी घास गिळला.

"मीठ कमी हाय." मग अन्वरभाईंकडे वळून, "कवापास्नं?"

अन्वरभाई ताटात बघत म्हणाले, "नवरात्रापासून, आक्का."

"आन् गप गिळत व्हता?"

हसू फुटलं आणि लगेच विरलं. आक्कांनी चतकोर भाकरी संपवली होती आणि डावा हात बरगड्यांखाली ठेवला होता. कळ यायची वेळ होत आली होती. ताटातली आमटी निवून तिच्यावर पापुद्रा धरला. संतोष बसची किल्ली मुठीत धरून दारात उभा होता. चाकणची शिफ्ट गाठायची होती, पण बसमधली माणसंही इथेच बसली होती. कुणी उठलं नाही.

आक्कांनी हात बाजूला घेतला.

"सूनबाई, मीठ आण," त्या म्हणाल्या. "आन् भाकरी."