अक्कांचा तळहात

अक्का कुठलीही वस्तू आधी बघत नसत, तळहातावर घेत. नारळ असो, इस्त्री असो, की मोबाईलचा चार्जर. वस्तू हातावर ठेवायची, डोळे मिटायचे, हात जरा इकडं कलवायचा, जरा तिकडं, आणि निकाल द्यायचा. जयनगरच्या भाजीवाल्याला ही सवय ठाऊक होती. अक्कांनी परत ठेवलेला कोबी तो मुकाट्यानं मागं सरकवायचा.

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या आणि इथं पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं बसल्या. शिक्षण सातवी. यजमान गेलेले, मुलगा परदेशात. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला तरी तो आधी अक्कांच्या दारात यायचा. दुरुस्तीला नव्हे, वाचेल की नाही एवढं विचारायला.

मी लातूरकडचा. वडील मोंढ्यात हमाल, आई डाळीच्या गिरणीत निवडायला जायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. इंजिनियरिंगची डिग्री फ्रेम करून खोलीत दारासमोरच लावली होती. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. अक्का पहिल्यांदा वर आल्या तेव्हा त्या फ्रेमपुढं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी, बरंय. म्हणजे आता पंखा का आवाज करतोय ते तू सांगशील."

मला ते सांगता आलं नाही. तेव्हापासून त्या मला 'इंजिनियर' म्हणू लागल्या.

त्या वर्षी मी गेमिंगचा कम्प्युटर जुळवत होतो. दिवसभर ऑफिसात लोकांच्या तक्रारींची उत्तरं लिहायची, हे काम मला नको होतं. मला गेम बनवायचे होते. एका छोट्या स्टुडिओनं मला चाचणी दिली होती: सात दिवसांत गेमचा एक प्रसंग तयार करून पाठवायचा. तो आवडला तर नोकरी. नाहीतर पुन्हा त्याच तक्रारी. प्रोसेसर घेतला, भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं. कॅबिनेट मात्र मारतहळ्ळीत राहणाऱ्या आणि गावी परत चाललेल्या एका मुलाकडून घेतलं. त्यात पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बसवलेलाच होता. वर लेबल होतं, साडेसातशे वॉट. मी सगळ्या भागांची बेरीज केली, ती पाचशेच्या आत भरली. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

पहिल्या दिवशी माझ्या प्रसंगातला पूल कोसळायला लागला, की कम्प्युटर धाडकन बंद. पुन्हा चालू केला, पूल आला, पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कार्ड काढून बसवलं, सगळं पुसून नव्यानं टाकलं. अक्का गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "इंजिनियर, काय झालं?"

मी बेरजेचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

"हे बसल्या जागचं खाणं आहे. पळताना किती खातंय ते सांग. तुझा पूल पडतोय तेव्हा ते कार्ड एकदम हिसका मारतंय. सप्लायला तो सोसला पाहिजे."

"अक्का, साडेसातशेचा आहे."

"असं कोण म्हणतंय?"

"लेबल."

"लेबल काय, मी पण चिकटवते. काढ तो बाहेर. स्वल्प थांब, आधी प्लग काढ."

मी सप्लाय काढून त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या हाताला तो चांगला जड लागला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. अक्कांनी डोळे मिटले. एकदा कलवला, दोनदा कलवला.

"वजन आहे," त्या म्हणाल्या, "पण एका कुशीला आहे. हे कामाचं वजन नव्हे. काहीतरी कोंबलंय आत."

मला हसू आलं. ते मी लपवलं नाही. अक्का रागावल्या नाहीत. "बंद केल्यावरही आत जीव राहतो, तू हात लावू नको," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जुने रबरी हातमोजे घालून त्यांनी तो स्वतः उघडला. मला चार हात लांब बसवलं. कोपऱ्यात, पत्र्याला डिंकानं चिकटवलेली, लोखंडाची एक जाड पट्टी होती. तिचं कुठल्याच तारेशी काही नातं नव्हतं. आणि ज्याच्या जिवावर सगळं चालायचं, तो ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा.

चार वर्षं शिकून मला जे सुचलं नाही, ते या बाईंना डोळे मिटून कळलं होतं. मला एकदम बाबा आठवले. तेही पोतं पाठीवर घेतलं की म्हणायचे, "याच्यात ओल हाय." व्यापारी पोतं फोडायचा आणि तळाला ओली तूर निघायची. मी कॉलेजात असताना मित्रांना सांगायचो, वडील मार्केटमध्ये असतात. हमाल हा शब्द मी गाळायचो.

त्याच दुपारी आम्ही मेट्रोनं बाजारात गेलो. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा एक सप्लाय पुढं केला.

"पेटीच्या आत बसणार ना हा? मग नटवलाय कशाला?" अक्कांनी मला मराठीत विचारलं आणि दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलल्या. त्यानं निमूटपणे आणखी तीन काढले. अक्कांनी एकेक हातावर घेतला, दोन लगेच परत केले. उरलेल्या साध्या काळ्याचं बारीक लेबल मला वाचायला लावलं. "मोठा आकडा नको वाचू. बारा व्होल्टला किती देतोय ते वाच. बेरीज सगळेच फुगवतात."

मी वाचलं. कार्डाला पुरून उरेल एवढं होतं.

"म्हणजे हा चांगला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? हातानं फक्त नाही म्हणता येतं. हो म्हणायला टेस्ट लागते."

ती टेस्ट म्हणजे चौथा अख्खा दिवस. सकाळी कम्प्युटर पूर्ण ताणावर लावला आणि अक्का शेजारी खुर्ची टाकून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या. अर्ध्या तासानं उठायचं, मागून येणाऱ्या हवेवर तळहात धरायचा, पुन्हा शेंगा. दुपारी माझा धीर सुटला.

"अक्का, तीनच दिवस राहिलेत. पूल पडतोय आता नीट, मला काम करू द्या."

"तीन दिवस काम करायचंय म्हणूनच आज बस. मधे बंद पडला तर कुणाला विचारशील? फ्रेमला?"

मी बसलो. शेंगाही सोलल्या. सोलता सोलता त्यांनी सांगितलं, कारखान्यात असाच एकेक सप्लाय त्या दिवसभर राबवायच्या. पास झालेल्या मालाच्या कागदावर सही मात्र साहेबांची. "त्यांचं बरोबर होतं," अक्का म्हणाल्या. "ते डिप्लोमा होते."

दिवेलागणीला त्यांनी शेवटचा हात धरला आणि म्हणाल्या, "पास."

मी वहीचा कोपरा फाडला, त्यावर 'तपासले' असं लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. अक्का म्हणाल्या, "चेष्टा करतोस काय रे?" मी नाही म्हणालो. त्यांनी पदराला हात पुसला आणि शाळेतल्या मुलीसारखं, रेघ धरून, पूर्ण नाव लिहिलं. तो कागद मी सप्लायवर चिकटवला. पुढचे तीन दिवस कम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. नोकरी मिळाली.

दोन वर्षांनी गुडघे थकले तेव्हा अक्का घर विकून निपाणीला बहिणीकडं गेल्या. निघताना त्यांनी माझी नवी बॅग उचलून बघितली आणि म्हणाल्या, "पट्टा तुटणार हिचा." तुटला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या.

या उन्हाळ्यात मी जे. पी. नगरला घर बदललं. मदतीला बाबा आले होते. कार्ड, प्रोसेसर, सगळं एव्हाना बदललंय. सप्लाय तोच आहे. टेम्पोच्या धक्क्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून तो काढून टॉवेलात गुंडाळून बाबांच्या हातात दिला. जिना उतरताना बाबा मधेच थांबले. हात जरा इकडं कलवला, जरा तिकडं.

"काय हाय रे यात? वजन कसं मधोमध हाय."

मी टॉवेल बाजूला केला. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी त्या कागदावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कुणी लिवलंय?"

टेम्पोवाला खालून हाका मारत होता. आम्ही जिन्यावरच बसलो, आणि मी बाबांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.