सुनीताची मळकी साडी

अंगणवाडीत लेकरं शिकतात कमी अन् झोपतात जास्त, असं लोक चेष्टेनं म्हणतात. म्हणू द्या. हसनाबादजवळच्या आमच्या गावात रात्री कुणाचं लेकरू झोपलं न्हाई, ते सकाळी मला अन् आमच्या मदतनीस कांताबाईला बराबर कळतं. असे किस्से साठत जातात, अन् सांगताना दरवेळी हसू येतंच असं न्हाई.

*

परी वर्षाची. बापाच्या मोटारसायकलवर चक्कर मारल्याशिवाय झोपायचीच न्हाई. एकदा वाटेत पेट्रोल संपलं. मागं बायको, तिच्या मांडीवर पेंगुळलेली परी. उतर म्हणावं तर पोरगी उठंल. मंग बाप दोघींसकट गाडी ढकलत, तोंडानं ‘ढुर्रर्र’ करत घरी आला!

*

रेखाचं तान्हं रात्रभर रडायचं. एक दिवस तिच्या पिशवीत सर्दीच्या औषधाची बाटली निघाली. लेकरू झोपावं म्हणून पाजत होती. मी लई बोलले, अन् लगेच दोघांना डॉक्टरकडं नेलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "ताई, दिवसभर कापूस वेचायचा, मंग मी झोपू कवा?"

मला वाईट वाटलं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन नवऱ्याला अन् सासूला रात्रीच्या पाळ्या लावून दिल्या.

*

सोहम तीन वर्षांचा. त्याची आई सुनीता नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेली, पोरगं आजीकडं राहिलं. जाताना तिनं अंगावरची साडी न धुता आजीकडं दिली. तिच्यात तोंड खुपसलं की सोहम झोपायचा. साडी रोज त्याच्यासंगं अंगणवाडीत यायची.

कांताबाईला मळकं कापड बघवत न्हाई. एक दिवस तिनं मायेनं ती साडी साबण लावून स्वच्छ धुतली.

सोहमनं नाक लावलं अन् साडी खाली टाकली. रडलाबी न्हाई, नुसता जागा राहिला. त्या दुपारी, त्या रात्री, दुसऱ्या रात्रीबी. जेवण सुटलं. कांताबाई त्याला मांडीवर घेऊन बसायची अन् स्वतःच रडायची.

शेवटी मी सुनीताला फोन केला. तिनं गावाकडं येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती अंगावरची दुसरी साडी पाठवली. तिला घामाचा अन् चुलीच्या धुराचा वास होता. सोहम तिच्यावर पडला तो संध्याकाळीच उठला.

*

हंगाम संपला तशी सुनीता आली, थेट अंगणवाडीतच. सोहम झोपलेला होता. तिनं त्याला उठवलं न्हाई. खाऊ काढायला गाठोडं सोडलं, तर वरच सोहमचा जुना शर्ट निघाला. मळून काळा झालेला, छातीवर वाळलेल्या वरणाचे डाग तसेच.

कांताबाईचा हात सवयीनं पुढं गेला. तिनं शर्ट उचलला, क्षणभर धरला, झटकलाबी न्हाई. नीट घडी घातली अन् परत सुनीताच्या गाठोड्यात ठेवला.