देवरावची दुपारची फेरी

वैशाखातला पहिला रविवार. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही.

नेर रस्त्यावरच्या एका वॉटर पार्कच्या पार्किंगमध्ये मी पावत्या फाडतो. किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही. माणूस गाडीतून उतरला आणि पार्कचं गेट अजून दूर आहे, एवढ्या मधल्या वेळात तो आपलं घर, गाव, सगळं दाखवून जातो. आपण फक्त उभं राहायचं.

त्या रविवारी मात्र आमच्या देवरावचा निकाल लागायचा होता. पार्किंगपासून गेटपर्यंत माणसं नेणारी गाडी तो चालवतो. ट्रॅक्टरला पुढे आगगाडीच्या इंजिनाचं पत्र्याचं तोंड आणि मागे बाकं लावलेल्या दोन ट्रॉल्या. सकाळी भरून जाते, संध्याकाळी भरून येते, दुपारी रिकामी फिरते. मॅनेजर साहेब आधल्या आठवड्यात बोलून गेले होते, "रविवारी दुपारी मी स्वतः पाहीन. रिकामी दिसली तर गाडी बंद. सकाळ-संध्याकाळ लोक चालत जातील."

देवराव पन्नाशीचा. त्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "भाऊ, आता या वयात मले कोण नवं काम देते?"

*

इथल्या पहिल्या उन्हाळ्यात देवरावचं भांडण दगडगोट्यांशी होतं. आमच्याकडे जीप, पिकअप उभी केली की चाकामागे गोटा लावायची सवय. जाताना गाडी निघून जाते, गोटा तिथेच. देवरावची ट्रॉली त्यावर आदळायची आणि मागच्या बाया त्याच्या नावाने ओरडायच्या.

त्याने एका जीपवाल्याला विचारलं, "हँडब्रेक नाही काय रे?"

"हाय ना. नवाच हाय."

"मंग गोटा कायले?"

"ब्रेक कंपनीचा हाय भाऊ. गोटा आपला हाय."

तेव्हापासून आम्ही पार्किंगच्या फाटकाशी गोट्यांचा ढीगच ठेवला आहे. येताना न्या, जाताना आणून टाका. लोक इमानदारीने आणून टाकतात. एकजण तर आमच्यातला चांगला चपटा पाहून बदलून घेऊन गेला.

*

पार्कवाल्यांनी पार्किंगच्या रांगांना इंग्रजी अक्षरांच्या पाट्या लावल्या आहेत. त्या कोणी वाचत नाही. कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचा पांढरा बैल बांधलेला असतो, लोक त्याची खूण धरतात.

ढाणकीकडचं एक कुटुंब संध्याकाळी गाडी शोधत फिरत होतं. मी विचारलं, "कुठे लावली होती?"

"त्या बैलापाशी."

बैल सकाळी चिंचेखाली होता, सावली सरकली तशी मालकाने त्याला पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं होतं. मी तसं सांगितलं. त्या गृहस्थांनी बैलाकडे जरा रागाने पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "तरी मी म्हनलं होतं, गाडी इतकी दूर कशी गेली."

*

आमच्या थांब्यावरून गेटचा उंच घुमट दिसतो, वर सोनेरी रंग दिलेला. त्यामुळे होतं काय, की म्हातारी माणसं थांब्यावरच चपला काढून गाडीत बसतात. तिकडे उतरल्यावर फरशी तव्यासारखी तापलेली.

देवरावने एका आजोबांना समजावलं, "बाबा, ते देऊळ नाही. आत पाण्यात खेळाचं हाय."

आजोबा म्हणाले, "मले मालूम हाय. पन कळस दिसल्यावर पायात वहाण राह्यली, तं मन आत लागत नाही."

देवरावने मग गाडीला एक पोतं बांधलं. चपला त्यात घालायच्या आणि गेटाशी काढून द्यायच्या. त्याला हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

*

तर तो रविवार. दुपार झाली, लोक सगळे आत गेलेले. गाडी रिकामी. देवराव एक फेरी मारून आला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

थांब्याजवळच्या निंबाखाली नेहमीसारख्या बाया बसल्या होत्या. पार्कमध्ये बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत आणि आमचे लोक शिदोरीशिवाय घरून निघत नाहीत. म्हणून दर कुटुंबातलं एक माणूस शिदोरीजवळ पार्किंगमध्येच बसतं. बहुतेक वेळा ती घरातली म्हातारी असते. महागावच्या नर्मदाबाई तशाच बसल्या होत्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

देवरावने विचारलं, "माय, आत नाही गेली?"

"शिदोरी कोन राखीन बा? मागच्या वर्षी कुत्र्यानं नेली."

"सुनेले बसवाचं होतं."

"पोट्टे तिच्याबिगर पान्यात उतरत नाही. मी तं तीन वर्षांपासून हा निंबच पाहून राह्यली."

देवरावने मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माह्या गाडीत शिदोरी चालते."

"तुही गाडी आत जाते काय?"

"गेटापर्यंत. पन तिथून भिताडावरून मोठा पाळणा दिसते."

नर्मदाबाई गाठोडं घेऊन उठल्या. पहिल्या फेरीत त्या एकट्या होत्या. परत आल्यावर त्यांनी उतरायच्या आधी निंबाकडे हाक मारली, "अवं, या न! वारा लागते इथं."

साहेब आले तेव्हा दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या होत्या. गाठोडी सुटलेली, ठेचा या बाकावरून त्या बाकावर चाललेला. साहेबांनी गाडी थांबवली.

"मावशी, कुठे चालल्या?"

"वापस," नर्मदाबाई म्हणाल्या.

"आणि मग?"

"मंग पुन्हा जातो. उन्हात काहून उभा हाय बा? बस."

साहेब बसले. त्यांच्या हातावर भाकरी आली. गाडी थांब्यावरून वळून पुन्हा गेटाशी गेली, पाळणा दिसला, गाडी वळली. नर्मदाबाईंनी ट्रॉलीच्या कडेवरून हात बाहेर काढून तांब्याने धुतले आणि तांब्या साहेबांकडे दिला. साहेबांनीही तिथेच धुतले.

देवरावने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी थांब्यावर दोन ओळींची नोटीस लागली. दुपारच्या फेऱ्या चालू राहतील. चालत्या गाडीतून हात धुऊ नयेत.