कावेरी विचारत नाही, सांगते

कावेरीचं कॉलेज आमच्या जिन्यावर भरायचं. डब्लिनच्या ओंगार भागात माझ्या मुलाचं, विकासचं, घर आहे. तिथली वरची लहान खोली तिनं भाड्यानं घेतली होती. त्या खोलीत इंटरनेट धड पोचत नसे, जिन्याच्या मधल्या पायरीवर मात्र चांगलं मिळायचं. म्हणून मांडीवर लॅपटॉप, खांद्यावर शाल, बाजूला शेंगदाण्यांची वाटी, अशी ती सकाळपासून तिथं बसलेली. मी उतरायला लागलो की मान न वळवता म्हणायची, "आबा, तास चालू आहे. भिंतीकडून जा." मी धोतर सावरत जायचो. तिच्या मास्तरांनी माझे पाय जेवढे बघितलेत तेवढे डॉक्टरनं बघितले नसतील.

परभणीची पोर, बाप एसटीत कंडक्टर. कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घ्यायला डब्लिनला आली आणि कोरोनानं कॉलेजला कुलूप लागलं. मी एकदा म्हणालो, "जिन्यावरच बसायचं होतं तर परभणीत जिने नव्हते का?"

"होते की. पण तिथं बसलं की येणारा-जाणारा विचारतो, पोरीचं लग्न कधी. इथं येणारे-जाणारे तुम्ही एकटेच."

स्वतः विचारणं मात्र तिला ठाऊकच नव्हतं. "वहिनी, आज मी भाकरी करणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय." माझी सून नेहा चिडायची. चिडून भाकरी खायची.

शनिवार-रविवार दोन बस बदलून ती एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, कामाला जाई. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. एकवीस सालच्या जानेवारीत तिथं कोरोना शिरला. बरोबरीच्या पोरींनी काम सोडलं. हिनं सोडलं नाही.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात बघतो, तर तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला, त्याला लाल चिकटपट्टी. नेहा म्हणाली, "त्याला हात लावू नका, आबा. तुमच्यासाठीच करतोय."

मी चौथी शिकलेला माणूस. पण वेगळा कप मला वाचता येतो. माझ्या बापाचा कप गावच्या हॉटेलात छपराला खोचलेला असायचा. प्यायचं, आपणच विसळायचं, परत खोचायचं. विकासला हे माहीत आहे. शाळेत असताना त्यानं यावर भाषण ठोकून बक्षीस आणलं होतं.

मी तो कप घेतला, चहा ओतला आणि विकास-नेहाच्या देखत तोंडाला लावणार, तेवढ्यात दारातून कावेरी दरडावली, "आबा, खाली ठेवा तो."

"तुझ्यासाठीच पितोय."

"माझ्यासाठी मरू नका. मरणं मी तिथं दर खेपेला बघतेय. अंतर मी ठेवते. मागच्या शेडमध्ये कपडे बदलते, ताट खोलीत नेते. रोग आहे, मला कळतं. पण कप मी गरम पाण्यानं धुणार आणि सगळ्यांच्या फळीवर ठेवणार. ही पट्टी मला चालणार नाही."

मला रागच आला. जन्मात एक बंड करायला निघालो होतो, तेही पोरीनं हिसकावून घेतलं.

रविवारी ती कामावरून आली तेव्हा विकास दार अडवून उभा राहिला. "कावेरी, काम सोड नाहीतर खोली सोड. आबांचं वय बघ."

ती बाहेर वाऱ्यात, तो आत. ती म्हणाली, "दादा, आज एक आजी गेल्या. घरच्यांना आत सोडलं नाही. मी हात धरून बसले होते. काम सोडत नाही. खोलीही सोडत नाही. थंडी वाजतेय, बाजूला व्हा."

तो हलेना. मग मी उठलो.

माझी शांता आदल्या वर्षी इथंच गेली. दोघं मिळून पोराकडं आलो होतो, परत मी एकटाच जाणार. पहिल्याच लाटेत तिला दवाखान्यात नेलं. आम्हाला आत सोडलं नाही. कुणा एका बाईनं तिच्या कानाशी फोन धरला. मी काय बोललो ते माझं मला. त्या बाईचं नावसुद्धा कळलं नाही.

मी विकासला म्हणालो, "तुझ्या आईच्या कानाशी फोन धरणारी बाई त्या दिवशी झोपायला कुठं गेली असेल? तिच्याही दारात असाच एखादा वाघ उभा असेल. माझं वय पुढं करू नकोस. माझं वय माझं आहे. सर बाजूला."

तो सरला. आईचं नाव निघालं की तो अजून लहान होतो. कावेरी कपडे बदलायला शेडकडं गेली. तिनं माझे आभार मानले नाहीत. मला बरं वाटलं. भाडं भरलेल्या खोलीत शिरायचे आभार कसले?

उन्हाळ्यानंतर ती पास झाली. दूर कॉर्क शहरात नोकरी लागली. निघताना नेहाचे डोळे भरले. "झालं गेलं मनात ठेवू नकोस गं."

दुसरी कुणी 'छे छे, वहिनी' म्हणाली असती. ही बॅग उचलत म्हणाली, "ठेवणार, वहिनी. विसरण्यासारखं नाहीच ते. आणि दिवाळीला येणार."

दार लागलं. नेहा म्हणाली, "कसली येतेय." मलाही तसंच वाटलं.

दिवाळीला आली. कॉर्कहून बसनं. चपला काढल्या, पहिली चकली मोडली अन् म्हणाली, "वहिनी, मोहन कमी पडलंय."

"मग ऊठ अन् तूच कर."

उठली.