तराफ्याच्या ट्यूबा

नर्मदेतून तराफ्यावर पाच दिवस जायची बांधाबांध चालली होती. तराफ्याखाली बांधायच्या ट्रकच्या ट्यूबा आम्ही मित्रांनी जुन्या इंदूरच्या एका पंक्चरवाल्याकडे नेल्या. मगरीशी शर्यत लावून मी नर्मदा सातदा पोहलोय, असं मी गावभर सांगितलं होतं. खरं म्हणजे मला पोहताच येत नव्हतं.

तो प्रत्येक ट्यूब कानाला लावून, डोळे मिटून वैद्यासारखा ऐकायचा.

“ट्रक पंक्चर झाला तो ड्राइवर उतरतो, भिया,” तो म्हणाला. “तुम्ही कुठे उतरणार?”

मित्र खदखदून हसले. मी कोरड्या जमिनीवर बुडू लागलो. माझा चेहरा त्याने ट्यूबेइतक्याच बारकाईने निरखला आणि फटफटीची एक ट्यूब फुगवून हातात दिली. “ही सामानात बांधू नका, हाँ.”

भर दुपारी, भर बाजारातून, मी ती गळ्यात घालूनच घरी गेलो.